नोटबुकमध्ये उपग्रह नकाशाऐवजी करडे चौकोन दिसत असल्यास : ग्राहकांसाठी माहितीपत्रक

जळगाव, धुळे आणि नंदुरबार जिल्ह्यांतील ज्या कृषी सल्लागारांना, संशोधक विद्यार्थ्यांना आणि शेतकरी उत्पादक कंपन्यांना आम्ही पीक पाहणीची नोटबुके (ब्राउझरमध्ये चालणाऱ्या, कोड व नकाशे असलेल्या फाइली) तयार करून देतो, त्यांच्याकडून एकच तक्रार वारंवार येते : रावेर-यावलच्या केळीबागांचा नकाशा काल नीट दिसत होता, आज मात्र नुसते करडे चौकोन दिसतात. अशा वेळी नोटबुक बहुधा बिघडलेले नसते.

नकाशावरील प्रतिमा हे सलग चित्र नसून २५६ बाय २५६ पिक्सेलच्या टाइल्सची जुळणी असते. अर्थ इंजिन या गूगलच्या उपग्रह-प्रतिमा सेवेकडे प्रतिमा मागितली की त्या टाइल्ससाठी एक तात्पुरता पत्ता मिळतो आणि काही तासांनी तो निकामी होतो. नोटबुक जतन करताना जुना नकाशा त्या जुन्या पत्त्यासह जतन होतो. दुसऱ्या दिवशी ते उघडून तोच नकाशा पाहिला, किंवा कर्नल (कोड चालवणारी प्रक्रिया) चालू असताना केवळ शेवटचा सेल (कोडचा तुकडा) पुन्हा चालवला, तर नवा पत्ता मागितलाच जात नाही. काही ग्राहक हा पत्ता क्यूजीआयएस या नकाशांच्या सॉफ्टवेअरमध्ये किंवा अहवालाच्या पानात चिकटवतात आणि अहवाल सादर करण्याच्या दिवशीच नकाशा कोरा निघतो. आमचा आणि आपला सर्वाधिक वेळ या एकाच चुकीत जातो. कर्नल रीस्टार्ट करून सर्व सेल पहिल्यापासून क्रमाने चालवावेत, एवढाच त्यावर उपाय आहे.

त्यानंतरही नकाशा आला नाही, तर ब्राउझरमध्ये एफ-१२ दाबून नेटवर्क विभागातील एखाद्या टाइलचा पत्ता नव्या टॅबमध्ये उघडावा. तेथे ४०१ आल्यास ओळख पटलेली नाही, ४०३ आल्यास परवानगी नाही, ४२९ आल्यास थोड्या वेळात फार मागण्या गेल्या आहेत, असे समजावे. ४०३ दिसल्यास प्रथम प्रोजेक्ट तपासावा, कारण नोव्हेंबर २०२४ पासून अर्थ इंजिनसाठी क्लाउड प्रोजेक्ट (गूगल क्लाउडवरील आपल्या कामाची नोंद) आवश्यक झाला आहे आणि आमच्या जुन्या नोटबुकांत त्याचे नाव घातलेले नाही. ती आम्ही विनामूल्य सुधारून देतो. टाइल टॅबमध्ये दिसते पण नकाशावर दिसत नाही, असे असेल तर अडचण नोटबुकच्या विजेटमध्ये (नकाशा दाखवणाऱ्या भागात) किंवा थरांच्या क्रमात असते.

प्रतिमा पांढरीफटक दिसणे ही वेगळी बाब आहे. सेंटिनल-२ या उपग्रहाची परावर्तन मूल्ये (जमिनीवरून परतणाऱ्या प्रकाशाचे प्रमाण) १०,००० ने गुणून साठवलेली असतात, म्हणून दर्शनाची मर्यादा ० ते १ न ठेवता साधारण ० ते ३००० ठेवावी. जळगावसाठी अक्षांश २१ व रेखांश ७५.५६ यांची अदलाबदल झाल्यास नकाशा नॉर्वेच्या उत्तरेकडील समुद्रात उघडतो, हेही ध्यानात ठेवावे.

खरीप हंगामात आणखी एक कारण असते. सेंटिनल-२ आपल्या भागावरून साधारण दर ५ दिवसांनी जात असला, तरी जुलै-ऑगस्टमध्ये कपाशीच्या शेतांवर ढग असतात आणि १० टक्के ढगांची अट घातल्यास एकही प्रतिमा उरत नाही. रिकाम्या संचातून टाइल मिळणार नाही. कालावधी वाढवावा किंवा अट सैल करावी. पावसाळ्यातही नियमित पाहणी हवी असल्यास ढगांपलीकडे पाहणाऱ्या सेंटिनल-१ या रडार उपग्रहावर आधारित नोटबुक आमच्याकडे उपलब्ध आहे.

आमच्या अर्थ इंजिन खात्याची किल्ली (प्रवेशाचा गुप्त संकेत) नोटबुकात घालून द्यावी, अशी विनंती अनेक जण करतात. गैरसोय टाळण्याचा त्यामागील हेतू आम्ही समजतो, परंतु नोटबुके हातोहात पुढे जातात, एका किल्लीवर सर्वांच्या मागण्या पडतात आणि मर्यादा ओलांडली की ऐन पाहणीत सर्वच ग्राहकांचे काम थांबते. म्हणून प्रत्येक ग्राहकाला स्वतःचे खाते उघडून देण्याची पद्धत आम्ही ठेवली आहे. पहिल्या दिवशी त्यास थोडा वेळ लागतो, पण पुढे कोणाचे काम कोणावर अवलंबून राहत नाही.

बँकेसाठी किंवा सभासदांसाठी नकाशा कायम दिसत राहायला हवा असेल, तर तात्पुरत्या पत्त्यावर विसंबू नये. प्रतिमा जिओटिफ (स्थानाची माहिती असलेली प्रतिमा-फाइल) स्वरूपात काढून तिच्या टाइल्स आम्ही आमच्या सर्व्हरवर ठेवून देतो. त्याचे वार्षिक शुल्क क्षेत्रानुसार ठरते.

मदत मागताना केवळ कोऱ्या नकाशाचे छायाचित्र पाठवू नये, त्यावरून कारण कळत नाही. टाइल उघडल्यावर आलेला क्रमांक, त्रुटी संदेशाच्या शेवटच्या ओळी आणि नोटबुक पहिल्यापासून चालवल्याची वेळ पाठवावी, तसेच पत्त्यात किल्ली असल्यास ती खोडून पाठवावी.