दोन फोटोंमधला सांधा का दिसतो?

मंगेशीच्या सातमजली दीपस्तंभाचा फोटो तिन्हीसांजेला काढून पाहा. आभाळाचा रंग धरला तर पांढरा स्तंभ काळवंडतो. स्तंभ उजळला तर आभाळ पांढरंफटक पडतं. म्हणून दोन फोटो काढून ते जोडायचे. आवारात ट्रायपॉड चालतो का, हे आधी विचारून घ्यावं. ॲपर्चर (भिंगाचं उजेड आत घेणारं छिद्र) न बदलता फक्त शटरच्या वेगाने दोन स्टॉपचा, म्हणजे चौपट उजेडाचा, फरक ठेवा. व्हाइट बॅलन्स, म्हणजे फोटोतल्या रंगांची छटा ठरवणारी सेटिंग, ऑटोवर नको. दोन्ही फोटोंत तो वेगळा पडला, तर पुढची मेहनत फुकट.

फोटोशॉपमध्ये किंवा गिंपमध्ये आभाळाचा फोटो खालच्या लेयरवर, स्तंभाचा वर. वरच्या लेयरला मास्क द्या: पांढऱ्या जागी वरचा फोटो दिसतो, काळ्या जागी खालचा, करड्या जागी दोन्हींचं मिश्रण.

मास्कची कड किती मऊ हवी, इथेच बहुतेकांची गाडी अडते. स्तंभाभोवती 40 पिक्सेलचा फेदर (कड मऊ करणारा पट्टा) दिला, तर वरच्या फोटोतलं जळालेलं आभाळ कडेने झिरपतं आणि स्तंभाला पांढरी प्रभावळ येते. तिथे कड पेन टूलने आखून 1 पिक्सेलचाच फेदर द्यावा. मोकळ्या जागी उलट: सपाट रंगातली अरुंद कड रेघ होऊन डोळ्यांत खुपते. माडाच्या झावळ्या ब्रशने रंगवत बसू नका. निळ्या चॅनलमध्ये (फोटोतल्या फक्त निळ्या रंगाच्या काळ्या-पांढऱ्या चित्रात) आभाळ उजळ आणि झावळ्या गडद असतात. तो चॅनल उलटा करून लेव्हल्सने ताणला, म्हणजे गडद ते काळं आणि उजळ ते पांढरं केलं, की पातीन् पाती मास्कमध्ये येते. स्तंभ मुळात पांढरा, त्याला ही युक्ती लागू पडत नाही.

थोडक्यात, बारीक तपशिलाला अरुंद सांधा हवा, पसरट उजेडाला रुंद. पीटर बर्ट आणि एडवर्ड ॲडेल्सन या संशोधकांनी 1983 साली यावरच पद्धत बसवली: चित्रातल्या जाड-बारीक तपशिलांचे थर सुटे करायचे, प्रत्येक थर त्याला शोभेल एवढ्या रुंदीत मिसळायचा, मग सगळे पुन्हा एकत्र करायचे. अर्धं सफरचंद आणि अर्धं संत्रं त्यांनी असंच बेमालूम जोडून दाखवलं.

काम 16 बिटमध्येच करावं. 8 बिटमध्ये एका रंगाच्या 256च पायऱ्या; त्यांतल्या 30 पायऱ्या 3000 पिक्सेलच्या आभाळावर पसरल्या, की 100-100 पिक्सेलचे पट्टे उमटतात.

शेवटी सगळ्यांत वर कर्व्ह्‌जचा लेयर टाकून कॉन्ट्रास्ट भरमसाट वाढवा. लपलेला सांधा लगेच उघडा पडतो. तो मास्कमध्ये दुरुस्त करून मगच हा लेयर काढून टाका.