ताशी ७९ मैल, ८० का नाही?

अमेरिकेतल्या बहुतेक लांब पल्ल्याच्या प्रवासी गाड्या आजही ताशी ७९ मैलांच्या, म्हणजे सुमारे १२७ किलोमीटरच्या वर जात नाहीत. इंजिनात दम नाही असे मुळीच नाही. १९३०च्या दशकात 'मिल्वॉकी रोड' या रेल्वे कंपनीची 'हायवाथा' गाडी वाफेच्या इंजिनावर ताशी शंभर मैलांची मजल मारत होती. वाटेत राँडाउटला दुसरी लाइन ओलांडण्याआधी वेग ९० वर आणा, अशी पाटी होती. ९० म्हणजे तिथे सावकाश!

२५ एप्रिल १९४६ रोजी चित्र पालटले. शिकागोहून निघालेल्या 'ॲडव्हान्स फ्लायर'च्या खालून काहीतरी उडालेले दिसले, म्हणून ती तपासणीसाठी नेपरव्हिलला थांबली. मागून त्याच रुळावर, जेमतेम दोन-तीन मिनिटांच्या अंतराने, 'एक्स्पोझिशन फ्लायर' भरधाव येत होती. आधी पिवळा सिग्नल, मग लाल. ब्रेक लागले, पण तेवढ्या अंतरात गाडी थांबणे शक्यच नव्हते. ४५ जण दगावले.

१९४७ मध्ये रेल्वेवर देखरेख करणाऱ्या आंतरराज्य वाणिज्य आयोगाने हुकूम काढला: ८० किंवा त्याहून जास्त वेग हवा असेल तर सिग्नल ड्रायव्हरला कॅबमध्ये, म्हणजे इंजिनातल्या त्याच्या खोलीतच, दिसला पाहिजे, नाहीतर त्याची चूक झाल्यास गाडी आपोआप थांबली पाहिजे. सांता फे या रेल्वे कंपनीने काही मार्गांवर अशी यंत्रणा बसवून नव्वदीचा वेग राखला. बाकी बहुतेक कंपन्यांनी खर्च टाळला आणि वेग ७९ वर आणला. ब्लॉक सिग्नल, म्हणजे पुढचा टप्पा मोकळा आहे का ते सांगणारे सिग्नल, नसलेल्या मार्गांवरचा ५९ हा आकडाही याच हिशेबातला.

रुळांचे नियम नंतर, १९७०च्या कायद्यामुळे आले. त्यात रुळांचे वर्ग पाडले. गेज, म्हणजे दोन रुळांमधले अंतर, मुळात ५६.५ इंच; पहिल्या वर्गात ते ५८ पर्यंत पसरलेले चालते, पण प्रवासी गाडी फक्त १५ मैलांनी न्यायची. चौथ्या वर्गात ५७.५ च्या पुढे सूट नाही आणि मुभा ८० ची. म्हणजे रूळ ८० ला हो म्हणतात, सिग्नल एक मैल कापतो! आपल्याकडेही १३० किलोमीटरच्या वर जायला कॅबमध्ये सिग्नल लागतोच.

२००८ मध्ये चॅट्सवर्थला लाल सिग्नल ओलांडून लोकल मालगाडीवर आदळली, २५ जण गेले. त्यानंतर आपोआप ब्रेक लावणारी यंत्रणा मुख्य प्रवासी मार्गांवर सक्तीची झाली. तरी ७९ सुटलेला नाही. शिकागो-सेंट लुईस मार्गावर २०२३ पासून ११० ने गाड्या धावतात, पण त्यासाठी रूळ आणि फाटकेही सुधारावी लागली. इतरत्र रूळ बहुधा मालगाड्यांच्या कंपन्यांचे, आणि त्यांना ७९ पुरून उरतो.