स्मेडली बटलर यांची मोहीम पदके

ठरलेल्या मुदतीत व ठरलेल्या प्रदेशात एखाद्या लष्करी मोहिमेवर हजर असलेल्या प्रत्येक सैनिकाला, त्याने पराक्रम गाजवलेला असो वा नसो, जे पदक मिळते ते मोहीम पदक. शौर्यपदकाचा दर्जा त्याला नसतो. परंतु धारकाची नोकरी कुठे कुठे झाली, हे त्यावरून नेमके कळते. अमेरिकेच्या मरीन कोअरचे, म्हणजे नौदल खात्यातील सागरी सैनिकदलाचे, मेजर जनरल स्मेडली डार्लिंग्टन बटलर (३० जुलै १८८१–२१ जून १९४०) हे त्याचे ठळक उदाहरण होय.

पेनसिल्व्हेनियातील क्वेकर, म्हणजे युद्धाला तत्त्वतः विरोध करणाऱ्या पंथाच्या घराण्यात जन्मलेले बटलर १८९८ साली, सोळाव्या वर्षी, वय वाढवून सांगून मरीनमध्ये शिरले. क्यूबा, फिलिपीन्स आणि १९०० मधील बॉक्सर बंडाच्या, म्हणजे परकीयांविरुद्धच्या उठावाच्या, वेळचा चीन या त्यांच्या तिन्ही मोहिमांची नौदलीय पदके मात्र १९०८ मध्ये सुरू झाली. मरीनना मिळणाऱ्या पदकाची दर्शनी बाजू नौदलाच्या पदकासारखीच असे; फरक मागच्या बाजूला, नांगरावर बसलेल्या गरुडाभोवतीच्या अक्षरांत.

चीनमधील तिएन्त्सिन येथे १३ जुलै १९०० रोजी जखमी सहकाऱ्याला वाचवताना बटलर यांच्या मांडीत गोळी लागली. नौदल व मरीनच्या अधिकाऱ्यांना त्या काळी ‘मेडल ऑफ ऑनर’ हे अमेरिकेचे सर्वोच्च शौर्यपदक देण्याची तरतूदच नव्हती, म्हणून त्यांना कॅप्टनचा मानद हुद्दा मिळाला आणि त्याबद्दलचे ब्रेव्हेट पदक थेट १९२१ मध्ये. १९१५ च्या कायद्याने ही आडकाठी दूर झाल्यावर मेक्सिकोतील व्हेराक्रूझच्या (१९१४) लढाईसाठी मेडल ऑफ ऑनर पन्नासहून अधिक जणांना वाटले गेले. आपण त्यास पात्र ठरावे असे काहीच केले नाही, असे म्हणून बटलर यांनी ते परत पाठवले; ते ठेवावे आणि वापरावेही, असा उलट हुकूम आला. हैतीतील फोर्ट रिव्हिएर येथे १७ नोव्हेंबर १९१५ रोजी भिंतीतल्या अरुंद मोरीतून दोन सैनिकांपाठोपाठ ते आत घुसले, त्याबद्दलचे दुसरे मेडल ऑफ ऑनर अधिक रास्त म्हणावे लागेल. अशी दोन पदके दोन वेगळ्या लढायांसाठी मिळवणारे मरीन दोनच : बटलर आणि डॅन डेली.

पहिल्या महायुद्धात आघाडीवर जाण्याची त्यांची इच्छा अपुरी राहिली. फ्रान्समधील ब्रेस्ट येथे चिखलाने भरलेल्या छावणीत लाकडी फळ्या अंथरून घेण्याचे काम त्यांनी केले, आणि लष्कर व नौदल या दोघांचीही विशिष्ट सेवा पदके त्यांना मिळाली ती याच बिगरलढाऊ कामगिरीबद्दल. १ ऑक्टोबर १९३१ रोजी ते निवृत्त झाले.

१९१२ च्या निकाराग्वा मोहीम पदकावर तळ्यामागे उभा मोमोतोंबो ज्वालामुखी कोरलेला आहे. तिथली आपली कामगिरी ब्राउन ब्रदर्स या बँकपेढीच्या फायद्यासाठी होती, असे बटलर यांनी १९३५ मध्ये स्वतःच लिहिले.