खुलासा: फास्ट लेन्सने रेंजफाइंडरची खिडकी उजळत नाही

‘अंधारात फोकस जमत नाही? एफ/०.९५ची लेन्स घे, सगळं उजेडात दिसेल.’ हा सल्ला वर्षानुवर्षं फिरतोय. (एफचा आकडा जितका लहान, तितका लेन्समधून जास्त प्रकाश आत येतो; अशा लेन्सला ‘फास्ट’ म्हणतात.) एसएलआरसाठी तो बरोबर आहे, कारण तिथे आपण लेन्समधूनच बघतो. लायका एम९सारख्या डिजिटल रेंजफाइंडर कॅमेऱ्यात मात्र बघायची खिडकी लेन्सपासून वेगळी असते. एफ/४ लावा नाहीतर एफ/०.९५, खिडकीतला उजेड तोच.

जास्तीचा प्रकाश मिळतो तो सेन्सरला. एफ/२वरून एफ/१वर आलात की चौपट. म्हणजे १/१५ सेकंदाऐवजी १/६०, आणि हात हलल्याची भीती बरीच कमी.

पण फोकस उलट अवघड होतो. ५० मिमी लेन्स, एफ/०.९५, एक मीटर अंतर: स्पष्टतेची खोली, म्हणजे पुढून मागे जेवढा भाग स्पष्ट येतो तो, जेमतेम दोन सेंटीमीटर. डोळा टिपला तर कान धूसर. म्हणून मी बुबुळात चमकणारा दिव्याचा ठिपका शोधते. फोकस जमलेला नसेल तर खिडकीच्या मधल्या चौकोनात त्याचे दोन ठिपके दिसतात; फोकस रिंग हळूहळू फिरवत ते एकावर एक आणायचे आणि लगेच बटण दाबायचं. चौकट बदलण्यासाठी कॅमेरा वळवलात, तर तेवढ्यातही फोकस सुटू शकतो. हात बसेपर्यंत एफ/२वर सराव करा, मनापासून सांगते.