मुंबईची थेट गाडी: नवी की वाढवलेली?

'आमच्या गावाला मुंबईची थेट गाडी मिळाली' हा मथळा दोन अगदी वेगळ्या गोष्टींसाठी छापला जातो. कधी खरोखरच नवी गाडी सुरू झालेली असते. तिचे डबे वेगळे, वेळ वेगळी, मुंबईतल्या फलाटावर तिची स्वतःची जागा. आणि कधी शेजारच्या जिल्ह्यातून वर्षानुवर्षं धावणारी गाडी आणखी शंभर-दीडशे किलोमीटर पुढे नेलेली असते. रेल्वेच्या पत्रात याला 'विस्तार' म्हणतात. हिरवा झेंडा दोन्ही वेळा दाखवतात, इंजिनाला हार दोन्ही वेळा घालतात, स्टेशनवर पेढेही वाटले जातात. फरक कळतो तो दिवाळीचं तिकीट काढताना.

आधी नव्या गाडीचं गणित पाहू. मराठवाड्यातून संध्याकाळी सुटून सकाळी मुंबईला टेकणारी गाडी रोज धावायची असेल, तर दोन रेक लागतात. एक इकडून निघतो त्याच रात्री दुसरा तिकडून. रेक म्हणजे डब्यांचा अख्खा संच. तो मुंबईला पोहोचला की रिकामा करून यार्डात नेतात आणि पिट लाइनवर उभा करतात. या रुळांच्या मधोमध खोल चर असतो. त्यात उतरून कर्मचारी डब्यांच्या पोटाखालून ब्रेक, चाकं, स्प्रिंगा तपासतात. त्यात पाच-सहा तास सहज जातात. म्हणजे नव्या गाडीला नुसते डबे मिळून भागत नाही. पिट लाइनवर मोकळा वेळ हवा, फलाट हवा आणि सगळ्यात दुर्मीळ गोष्ट म्हणजे पाथ हवा. पाथ म्हणजे ठरलेल्या वेळी रूळ आपल्यासाठी मोकळे मिळणं.

मुंबईकडे येणाऱ्या वाटेवर हा पाथ दोन जागी अडतो. पहिली जागा घाट. कसाऱ्याचा असो की कर्जत-लोणावळ्याचा, चढ 37 मीटरला 1 मीटर असा आहे, त्यामुळे मुंबईहून परत निघालेल्या साध्या गाडीला मागून बँकर, म्हणजे ढकलणारी जादा इंजिनं लावावी लागतात. ती लावायला वेळ, काढायला वेळ. दुसरी जागा कल्याणच्या पुढची. ठाणे ते दिवा पाचवी-सहावी लाइन 2022 मध्ये सुरू झाली, पण कुर्ल्यापासून सीएसएमटीपर्यंत मेल-एक्स्प्रेस अजूनही जलद लोकलच्याच रुळांवरून जातात. सकाळी सात ते दहा या वेळेत तिथे आणखी एक लांब पल्ल्याची गाडी घुसवायची म्हणजे काही लोकलवर पाणी सोडायचं, आणि ते कुठल्या अधिकाऱ्याला परवडणार? म्हणून खासदारांच्या पत्राला 'तूर्त व्यवहार्य नाही' असं उत्तर येतं. पत्र थंड वाटलं तरी बहुतेक वेळा ते खोटं नसतं. आणि नवी गाडी मिळालीच तर ती लोकमान्य टिळक टर्मिनस, दादर किंवा पनवेलला संपते. पनवेलला उतरून मंत्रालयात अकराची वेळ गाठायची असेल तर तिला मुंबईची गाडी म्हणायला जीभ जरा अडखळते.

विस्ताराला यातलं काहीच लागत नाही, निदान मुंबईच्या टोकाला तरी. घाटातला पाथ तोच, फलाट तोच, यार्डातली वेळ तीच. शिवाय रेल्वेकडे एक मोहाची गोष्ट पडलेली असते, ती म्हणजे लाय-ओव्हर. सकाळी जिल्ह्याच्या गावी पोहोचलेला रेक रात्री परत निघेपर्यंत दिवसभर उभा असतो. मुख्य देखभाल मुंबईला होत असेल तर या टोकाला झाडलोट आणि पाणी भरणं एवढंच काम. बाकीचे तास तो नुसता ऊन खातो. त्याच वेळात तो पुढच्या जिल्ह्याला जाऊन आला तर एकही जादा डबा न घेता नवं गाव जोडलं जातं. कागदावर हा निर्णय इतका सरळ दिसतो की नाही म्हणायला कारणच सापडत नाही.

ते कारण लातूरकरांना 2017 मध्ये सापडलं. मुंबई-लातूर एक्स्प्रेस त्या वर्षी बिदरपर्यंत वाढवली आणि लातुरात आंदोलन पेटलं. बाहेरच्यांना वाटलं, शेजाऱ्याला गाडी मिळाली म्हणून कसला एवढा राग? पण ही गाडी लातुरातून सुटायची, म्हणजे ती फलाटावर आधी लागलेली असायची. सामान लावून, म्हाताऱ्या आईला खिडकीपाशी बसवून, खाली उतरून पाण्याची बाटली घेण्याइतकी उसंत मिळायची. गाडी बिदरहून येऊ लागली की तेच स्टेशन मधलं होतं. थांबा काही मिनिटांचा, जनरलचे डबे आधीच भरलेले आणि मागे गाडी रखडली तर तिची वाट बघणं आलं.

त्याहून मोठी गोष्ट कोट्याची. गाडी जिथून सुटते तिथल्या प्रवाशाचं वेटिंग सहसा जनरल, म्हणजे जीएनडब्ल्यूएल असतं, आणि बर्थचा मोठा वाटा तिथेच असल्यामुळे रद्द होणारी तिकिटंही तिथेच जास्त. म्हणून ते पटकन पुढे सरकतं. मधल्या स्टेशनच्या वाट्याला वेगळा, लहान कोटा येऊ शकतो. मग तिकिटावर आरएलडब्ल्यूएल किंवा पीक्यूडब्ल्यूएल अशी अक्षरं उमटतात. तिथे आकडा लहान दिसतो, पण तो हलत नाही, कारण त्या छोट्या कोट्यातलं कुणी रद्द केलं तरच तुमचा नंबर लागणार. एलएचबी या नव्या बनावटीच्या स्लीपर डब्यात 80 बर्थ असतात. गाडी आणखी दीडशे किलोमीटर लांबून आली म्हणून ते 81 होत नाहीत. पूर्वी एका गावाचे होते, आता त्यांत वाटेकरी आले.

बिदरचीही बाजू होतीच. उदगीर तर लातूर जिल्ह्यातलंच, आणि या विस्तारामुळे मुंबईच्या गाडीच्या वाटेवर आलं. म्हणजे एकाच जिल्ह्यात एका तालुक्याचा तोटा तो दुसऱ्याचा फायदा ठरला. शेवटी तोड निघाली ती दिवस वाटून घेण्याची: चार दिवस गाडी लातूरपर्यंत, तीन दिवस बिदरपर्यंत. माझ्या मते तेव्हाची मागणी चुकीच्या शब्दांत मांडली गेली. 'आमची गाडी पळवली' या घोषणेवर बिदरवाल्यांनाही भांडता आलं. 'विस्तार करा, पण डबे वाढवा आणि लातूरचा कोटा कमी करू नका' या मागणीवर भांडायला कुणाला जागाच राहिली नसती.

डबे वाढवून विस्तार होतो का? होतो, आणि त्याचं उदाहरण ताजं आहे. मुंबई-जालना वंदे भारत 30 डिसेंबर 2023 ला सुरू झाली, आठ डब्यांची. ऑगस्ट 2025 मध्ये ती नांदेडपर्यंत वाढवली आणि त्याच वेळी डबे वीस केले. आसनं पाचशेच्या आसपास होती, ती 1440 झाली. जालन्याच्या प्रवाशाला वाटेकरी मिळाला, पण ताटही मोठं झालं.

किंमत मात्र दुसरीकडे मोजावी लागली. जालन्याहून पहाटे पाचला निघणारी गाडी बाराच्या आत सीएसएमटीला पोहोचायची. आता पहाटे पाचला ती नांदेडहून निघते आणि मुंबईला पोहोचते दुपारी अडीचच्या सुमारास. नांदेडकराला दिवसाउजेडी मुंबई मिळाली, हे खरंच. पण जालना-संभाजीनगरच्या माणसाचं दुपारच्या सत्रातलं काम हुकलं. पोहोचून टॅक्सी शोधेपर्यंत तीन वाजतात. त्याबदल्यात दोन तास जास्त झोप मिळते, असं म्हणणारेही आहेत. यात आणखी एक गंमत आहे. मुंबईहून सुटायची वेळ दुपारी एक वाजून दहा मिनिटं अशीच राहिली. पूर्वी बाराच्या आत आलेला संच तासाभरात परत फिरायचा. आता येणारी गाडी पोहोचायच्या आधीच जाणारी निघून गेलेली असते. म्हणजे एका संचात हे जमत नाही, दुसरा लागतोच. कागदावर हा विस्तार, पण खर्चाच्या हिशेबात जवळजवळ नव्या गाडीइतका. फक्त घाटातला आणि मुंबईतला पाथ नवा मागावा लागला नाही. वंदे भारतचा संच स्वतःच्या ताकदीवर घाट चढतो, बँकर लागत नाही, हीही जमेची बाजू.

तेव्हा बातमी वाचताना ओळखायचं कसं? गाडीचा क्रमांक बघा, असं कुणीही सांगेल. नव्या गाडीला नवा क्रमांक, विस्तारित गाडीला जुनाच. पण याला फसू नका. मनमाडहून मुंबईला जाणारी राज्यराणी 22101/22102 या क्रमांकाने धावायची. जानेवारी 2020 मध्ये ती नांदेडहून सुटू लागली तेव्हा 17611/17612 झाली. क्रमांक नवा, गाडी जुनीच. शून्याने सुरू होणारा क्रमांक असेल तर ती 'विशेष' गाडी, म्हणजे मुदतीची. वाढवली तर वाढवली, नाही तर मुदत संपली की बंद. तरी तिला कमी लेखू नये. धुळ्याचे मुंबईला जाणारे डबे पूर्वी चाळीसगावला दुसऱ्या गाडीला जोडले जायचे. 2023 मध्ये दादर-धुळे गाडी सुरू झाली तीही आधी आठवड्यातून तीनच दिवस, विशेष म्हणून. रोजची गाडी त्यानंतर आली.

भरवशाची खूण एकच. आदल्या दिवसापर्यंत मुंबईहून सुटणाऱ्या गाड्यांची संख्या मोजा आणि दुसऱ्या दिवशी परत मोजा. वाढली तर नवी, नाही तर विस्तार.

हे ठरतं कुठे, याबद्दलही गोंधळ आहे. रेल्वे अर्थसंकल्प वेगळा होता तेव्हा मंत्री संसदेत नव्या गाड्यांची यादीच वाचायचे आणि राज्याराज्यांतले खासदार बाकं वाजवायचे. 2015 मध्ये तेव्हाचे रेल्वेमंत्री सुरेश प्रभू यांनी एकही नवी गाडी जाहीर केली नाही, आणि पुढे 2017 पासून तो अर्थसंकल्पच मुख्य अर्थसंकल्पात मिसळला. आता झोनकडून, म्हणजे मध्य, दक्षिण मध्य अशा रेल्वेच्या मोठ्या विभागांकडून, प्रस्ताव जातात, वेळापत्रक समितीच्या बैठकीत झोन एकमेकांशी पाथची देवाणघेवाण करतात आणि शेवटचा शब्द रेल्वे बोर्डाचा असतो. नांदेडची अडचण अशी की तिथलं डिव्हिजन, म्हणजे झोनचा उपविभाग, दक्षिण मध्य रेल्वेत, मुख्यालय सिकंदराबादला. मुंबईचं टोक मध्य रेल्वेकडे. एकाने हो म्हटलं तरी दुसऱ्याने पाथ द्यायला हवा. लातूरचं स्टेशन मध्य रेल्वेच्या सोलापूर डिव्हिजनमध्ये आहे, त्यामुळे तिथे निदान हा एक फेरा वाचतो.

बीडचा प्रश्न आता याच वळणावर आला आहे. 17 सप्टेंबर 2025 ला अहिल्यानगर-बीड गाडी सुरू झाली, डेमू, म्हणजे डिझेलवर धावणारी लोकलसारखी गाडी. नगर-बीड-परळी या 261 किलोमीटरच्या मार्गाची वाट पाहण्यात तिथल्या पिढ्या गेल्या, त्यामुळे पुढची मागणी मुंबईच्या थेट गाडीची असणार हे सांगायला ज्योतिषी नको. नगरहून मुंबईला दोन वाटा आहेत, दौंड-पुण्यावरून किंवा मनमाडवरून, आणि दोन्हींच्या शेवटी घाट आहेच. नवी गाडी मागितली तर उत्तर काय येईल, ते वर लिहिलंच आहे. कुणाची तरी गाडी बीडपर्यंत वाढवून मागितली तर ती लवकर मिळेल, आणि जिथे ती आज संपते ते गाव दुसऱ्याच दिवशी काळे झेंडे घेऊन फलाटावर उभं राहील. म्हणून निवेदनात नुसतं 'थेट गाडी' न लिहिता किती जादा डबे, बीडला किती बर्थचा कोटा, सध्याच्या शेवटच्या स्टेशनचा कोटा तेवढाच राहणार का आणि मुंबईत कुठल्या टर्मिनसला किती वाजता पोहोचणार, हे आकड्यांत लिहिलेलं बरं. आकडे लिहिले की उत्तरही आकड्यांत द्यावं लागतं.