वीजदर जनसुनावणी
वीज वितरण कंपनीने मागितलेल्या दरांवर ग्राहकांचे म्हणणे वीज नियामक आयोगाने उघडपणे ऐकून घेण्याची पद्धत. महाराष्ट्रात ती १९९९ मध्ये स्थापन झालेल्या महाराष्ट्र विद्युत नियामक आयोगापासून (मविनिआ) सुरू झाली. त्याआधी हे दर राज्य विद्युत मंडळ आणि मंत्रालय यांच्यातच ठरत. ग्राहकाला ते बिलातूनच कळत.

विद्युत अधिनियम, २००३ च्या कलम ६४ नुसार कंपनीला आपल्या अर्जाचा गोषवारा प्रसिद्ध करावा लागतो. वर्तमानपत्रात बारीक टाइपात येणारी ती ‘जाहीर सूचना’ बहुतेक जण न वाचताच पान उलटतात. जनतेच्या सूचना व हरकती विचारात घेऊन १२० दिवसांत निर्णय देण्याचे बंधन आयोगावर आहे. हरकत मराठीत लिहिली तरी चालते आणि त्यासाठी वकील लागत नाही. महावितरणच्या अर्जावर मुंबई परिसराबरोबरच पुणे, नाशिक, नागपूर, अमरावती, छत्रपती संभाजीनगर अशा ठिकाणी सुनावण्या झालेल्या आहेत.

सभागृहात एका बाजूला कंपनीचे अधिकारी आकडे मांडतात. मग नाव पुकारले जाईल तसे हरकतदार उभे राहतात. इचलकरंजी-भिवंडीचे यंत्रमागधारक सवलतीचा दर मागतात, जालन्याचे पोलाद उद्योजक शेजारच्या राज्यांतले दर पुढे ठेवतात, शेतकरी रात्रीच्या विजेवर बोलतात आणि घरगुती ग्राहक विचारतो, की पंखा बंद असला तरी स्थिर आकार का भरायचा? तावातावाने बोलणारे पुष्कळ असतात, पण आयोगापुढे टिकतो तो आकड्यावर बोट ठेवणारा.

याचा सर्वांत बोलका दाखला सुरुवातीच्याच सुनावण्यांमधला आहे. विनामीटर कृषिपंपांचा वापर मोजला जात नव्हता, तो अंदाजाने धरला जाई. हा अंदाज जितका फुगवावा तितकी वीजगळती आणि चोरी कागदावर कमी दिसते, आणि तिचे पाप शेतकऱ्याच्या माथी जाते. तत्कालीन महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळ अनेक वर्षे वीस टक्क्यांहून कमी गळती सांगत होते. वीजक्षेत्राचा अभ्यास करणाऱ्या पुण्याच्या ‘प्रयास’सारख्या संस्थांनी आणि ग्राहक प्रतिनिधींनी हिशेब मागितला, आयोगाने तो तपासायला लावला, आणि खरा आकडा तीस टक्क्यांच्या घरात असल्याचे उघड झाले. मोर्च्यांनी झाले नसते ते इथे एका तक्त्याने झाले.

कलम ९४ अन्वये आयोग ग्राहकांच्या वतीने बोलण्यासाठी प्रतिनिधी नेमू शकतो. मुंबई ग्राहक पंचायत, ‘प्रयास’ आणि काही औद्योगिक संघटनांनी हे काम केले आहे. एकट्या ग्राहकाला कंपनीचा शेकडो पानांचा अर्ज वाचून काढणे झेपत नाही, हे त्यामागचे साधे कारण.

आयोगाच्या आदेशात हरकत, तिच्यावर कंपनीचे उत्तर आणि आयोगाचे मत असे तिन्ही क्रमाने छापलेले असते. हरकत फेटाळली तरी ती का फेटाळली हे लिहावे लागते, आणि सुनावणीचे खरे बळ तिथे आहे. अर्थात कित्येकदा कंपनीचे उत्तर ‘नियमांनुसार आहे’ एवढ्यावरच आटोपते. आदेश मान्य नसल्यास ४५ दिवसांत विद्युत अपील न्यायाधिकरणाकडे जाता येते. ते दिल्लीत आहे, आणि तिथे बहुधा कंपन्या किंवा मोठे उद्योगच पोचतात.