सुगम्यता: तांत्रिक लेखनात उशिरा आलेली अट

‘आकृतीत दाखवलेलं लाल बटण दाबा.’ माहितीपुस्तिकेत हे वाक्य लिहिणाऱ्याला ते अगदी स्पष्ट वाटतं. पण ज्याला आकृती दिसत नाही किंवा लाल-हिरव्यातला फरक कळत नाही, त्याच्या हाती काहीच लागत नाही. सुगम्यतेची, म्हणजे अपंग वाचकालाही मजकूर वापरता येण्याची, ही अडचण संगणकाच्या फार आधीची आहे.

पॅरिसमध्ये व्हॅलेंटिन हॉय यांनी अठराव्या शतकाच्या अखेरीस आपल्या शाळेतल्या दृष्टिहीन मुलांसाठी उठावाच्या अक्षरांची पुस्तकं काढली. अक्षरं डोळस माणसांचीच, फक्त कागदावर उठवलेली. ती बोटांनी चाचपत वाचायला फार वेळ लागे. त्याच शाळेतल्या लुई ब्रेलने पंधराव्या वर्षी सहा ठिपक्यांची पद्धत बसवली आणि १८२९ मध्ये ती प्रसिद्ध केली. शाळेने ती अधिकृतपणे स्वीकारली १८५४ मध्ये, ब्रेल वारल्यावर दोन वर्षांनी. ज्याची गरज त्यानेच साधन घडवायचं आणि इतरांनी ते सावकाश मान्य करायचं, हे पुढेही बऱ्याचदा घडलं. १९६४ मध्ये रॉबर्ट वाइटब्रेख्त या कर्णबधिर भौतिकशास्त्रज्ञाने टेलिफोनच्या तारेवरून टंकलेला मजकूर पाठवण्याची सोय केली, तीही अशीच.

तांत्रिक लेखकाने थांबून पाहावी अशी गोष्ट माझ्या मते गणिताची आहे. अपूर्णांक, घात, वर्गमूळ यांचा अर्थ कागदावरच्या वर-खाली मांडणीत असतो आणि ब्रेलची ओळ तर सरळ जाते. अब्राहम नेमेथ या दृष्टिहीन गणितज्ञाची गणितासाठीची ब्रेल संहिता १९५२ मध्ये प्रसिद्ध झाली. तिच्यात अपूर्णांक कुठे सुरू होतो आणि कुठे संपतो, यासाठी स्वतंत्र खुणा आहेत. डोळ्याला जे मांडणीवरून आपोआप कळतं, ते नेमेथ यांनी शब्दासारखं उच्चारून ठेवलं.

संगणकाच्या पडद्यावर सुरुवातीला नुसती अक्षरं असत, त्यामुळे ती वाचून दाखवणं त्या मानाने सोपं होतं. आयबीएममध्ये जिम थॅचर यांनी १९८०च्या दशकात स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारा प्रोग्राम, तयार केला. अपघातात दृष्टी गमावलेल्या टेड हेंटर यांचा ‘जॉज’ १९८९ मध्ये आला. मग पडद्यावर खिडक्या (विंडो) आणि चित्रचिन्हं (आयकॉन) आली. चित्रचिन्ह म्हणजे यंत्राच्या लेखी नुसते रंगाचे ठिपके. त्यांना नाव कोणीतरी द्यावं लागतं आणि ते देणारा माणूस लिहिणाऱ्यांच्या बाजूला असतो. सुगम्यतेची जबाबदारी वाचकाच्या उपकरणावरून लेखकाच्या टेबलावर आली ती इथे.

वेबने ही जबाबदारी नियमात बसवली. वेबपानं ज्या भाषेत लिहितात त्या एचटीएमएलच्या १९९७च्या अखेरीस आलेल्या ४.० या आवृत्तीत प्रत्येक चित्राला पर्यायी मजकूर, म्हणजे चित्राऐवजी वाचता येईल असं वर्णन, देणं बंधनकारक झालं. त्याच वर्षी वेबची मानकं ठरवणाऱ्या वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियम या संस्थेने सुगम्यतेचा स्वतंत्र उपक्रम सुरू केला आणि मे १९९९ मध्ये त्याची पहिली मार्गदर्शक तत्त्वं आली. २००८च्या दुसऱ्या आवृत्तीने मजकूर आणि पार्श्वभूमी यांच्या उजळपणातला फरकही मोजून सांगितला: साध्या आकाराच्या अक्षरांसाठी किमान ४.५ : १.

कायद्यानेही दार ठोठावलं. अमेरिकेने १९९८ मध्ये केंद्र सरकारी खात्यांच्या इलेक्ट्रॉनिक माहितीला सुगम्यतेची सक्ती केली. २००० मध्ये ब्रूस मॅग्वायर या दृष्टिहीन नागरिकाने सिडनी ऑलिंपिकच्या संकेतस्थळाविरुद्धची तक्रार जिंकली. चित्रांना पर्यायी मजकूर नव्हता आणि निकालांचे तक्ते वाचता येत नव्हते. बदल फार खर्चाचे आहेत, हा आयोजकांचा बचाव टिकला नाही. २००६च्या संयुक्त राष्ट्रांच्या अपंग हक्क करारात तर ‘संवाद’ या शब्दाच्या व्याख्येतच ब्रेल, मोठी अक्षरं आणि सोपी भाषा आहे.

तांत्रिक पुस्तिका मात्र बहुतेक पीडीएफमध्ये फिरतात. १९९३ मध्ये आलेल्या या प्रकारात पान कसं दिसेल एवढंच जपलं जाई. मथळा, यादी, तक्ता अशा खुणा लावायची सोय २००१ मध्ये आली आणि सुगम्य पीडीएफचं आंतरराष्ट्रीय मानक २०१२ मध्ये. खुणा लावायचं काम अजूनही लिहिणाऱ्याचंच आहे. मथळ्याला मथळ्याची ठरावीक शैली (हेडिंग स्टाइल) न लावता तो नुसता ठळक आणि मोठा केला, तर फाइलमध्ये तो साधा परिच्छेदच राहतो आणि मथळ्यांवरून उड्या घेत पुस्तिका चाळणाऱ्या स्क्रीन रीडरच्या वाचकाला तो सापडत नाही.